ज्याला घर आहे तोच मुसाफिर

गेले चार महिने आमच्या घरात एकच वाद चालू आहे. मुकुंदनगरमधला फ्लॅट विकायचा, त्या पैशांतून एक मोठी व्हॅन घ्यायची, तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि टपावर सोलर पॅनल बसवून घ्यायचे आणि उरलेले आयुष्य त्या गाडीत काढायचे, असा प्रस्ताव आहे. प्रस्ताव माझ्या भाच्याचा. तो पुण्यात नोकरी करतो आणि दीड वर्षापासून स्वतः असाच राहतो. मी गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो. मुलगी सासरी गेली. दोन माणसांना एवढे घर कशाला, हा त्याचा प्रश्न. माझ्या पत्नीलाही कल्पना आवडली. खरे सांगायचे तर मलाही आवडली होती. दोन महिने मी गाड्यांच्या किमती विचारत फिरत होतो.

आता माझा निर्णय झाला आहे. फ्लॅट विकणार नाही. पण हा निर्णय केवळ आमच्या दोघांपुरता नाही, म्हणून तो इथे मांडतो. अलीकडे आपल्या तरुणांमध्ये 'घर म्हणजे बेडी' हे वाक्य फार ऐकू येते. त्या वाक्याशी माझे भांडण आहे.

भाच्याचे म्हणणे आधी नीट मांडतो. घराचा हप्ता फेडण्यात माणसाची उमेदीची वीस वर्षे जातात. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, पाणीपट्टी, रंगरंगोटी यांतून सुटका नाही. आणि शेवटी तो म्हणतो, "मामू, दुनियेत मुसाफिरासारखं राहा, असं आपल्या हुजुरांनीच सांगितलंय ना?"

पहिले मुद्दे मला मान्य आहेत. शेवटचा नाही. कारण त्यात मुसाफिर या शब्दाचा अर्थच उलटा झाला आहे.

आपल्याकडच्या हनफी मसल्याप्रमाणे 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटर किंवा त्याहून लांब जायला निघालेला माणूस मुसाफिर ठरतो. एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याचा इरादा असेल तोवर तो चार रकातींची फर्ज नमाज दोन रकात पढतो. नगरहून पाथर्डीला गेलो तर ही सवलत नाही, पुण्याला गेलो तर आहे. पण हे अंतर मोजायचे कुठून? आपल्या वस्तीच्या वेशीपासून. म्हणजे आधी वस्ती हवी. वतन हवे. हंबली फिकहात तर याहून स्पष्ट मसला आहे. ज्या खलाशाचे बायकोपोर त्याच्यासोबत जहाजावरच राहतात आणि किनाऱ्यावर ज्याचे दुसरे घर नाही, त्याला मुसाफिराची सवलत नाही. जहाज हेच त्याचे घर, मग तो सफरीत कसा? जकातीच्या आठ हकदारांमध्येही मुसाफिर आहे. फुकहांनी त्यात मुख्यतः तो माणूस धरला, ज्याच्या गावी मालमत्ता आहे पण जो वाटेत अडकला आहे. मुसाफिर म्हणजे बेघर नव्हे. ज्याला परतायला जागा आहे, तोच मुसाफिर. सूरह नहलमध्ये अल्लाहने आपल्यावरच्या नेमती मोजताना घराची विश्रांती आधी सांगितली आहे आणि सफरीत हलके वाटणारे कातड्याचे तंबू नंतर. दोन्ही नेमती आहेत. एकीसाठी दुसरी टाकून द्या, असे तिथे नाही.

हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो हसला. "मामू, तुम्ही मास्तर ते मास्तरच." मग मी त्याला एक साधा प्रश्न विचारला. तुझ्या आधार कार्डावर पत्ता कुठला आहे?

"कोंढव्याचा. अब्बांच्या घराचा."

आणि गाडीच्या आरसी बुकावर?

तोच.

इथे सगळ्या गोष्टीचा उलगडा होतो. गाडी हेच घर म्हणणाऱ्याला त्या गाडीची नोंदणी करायलाही घराचा पत्ता लागतो. मोटार वाहन कायद्यात असे आहे की मालकाने पत्ता बदलला तर तीस दिवसांत नवा पत्ता कळवावा. 'रोज बदलतो' असे लिहायला त्या अर्जात रकाना नाही. मतदार यादीचेही तसेच. बेघर माणसाचे नाव यादीत घालता येते, ही निवडणूक आयोगाची चांगली तरतूद आहे. पण त्यासाठी बीएलओने रात्री त्या जागी जाऊन माणूस खरोखर तिथेच झोपतो का, हे पाहायचे असते, आणि तेही एकापेक्षा अधिक रात्री. आज नेवासा आणि उद्या अकोले, अशा माणसाला बीएलओ कुठे शोधणार?

कुणी म्हणेल, एवढी काळजी कशाला? भाच्याचे तर सगळे सुरळीत चालले आहे. चालले आहे, कारण कोंढव्यात त्याच्या वडिलांचे घर उभे आहे. बेडी त्यांनी पायात ठेवली, म्हणून हा मोकळा फिरतो. 2025 साली बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी झाली. ऑगस्टमधल्या प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे गेली. त्यांतली सुमारे 36 लाख नावे 'कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले' या शेऱ्याखालची होती. पत्त्यावर न सापडणे ही ज्या काळात इतकी महाग गोष्ट झाली आहे, त्या काळात आपल्या पोरांनी पत्ता सोडून देण्याला मौज म्हणावे, याचे मला नवल वाटते.

आपल्या नगरकरांना पत्ता ही काय चीज आहे, हे वेगळे सांगायला नको. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. चौंडीच्या अहिल्याबाईंबद्दल कुणाच्या मनात आदर नाही असे नाही, माझ्याही आहे. पण साडेपाचशे वर्षांचा उंबरठा गाठत आलेल्या शहरात आम्ही बसल्या जागी बसलो होतो आणि आमचा पत्ता मात्र हलला. तरी आमच्याजवळ जुन्या पत्त्याचे कागद होते, घर होते, घरपट्टीची पावती होती. ज्याच्याजवळ यातले काहीच नसते, त्याचे काय होते ते पाहायला लांब जावे लागत नाही. याच जिल्ह्यात ते दिसते.

दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोड कामगार निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी, म्हातारी आणि पोरे. कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळ पाचटाची कोपी. उन्हाळा लागेपर्यंत हाच संसार. तोही चाकांवर निघालेला, उघड्यावरचा, विजेविना, संडासाविना. या माणसांचे कुणी रील करत नाही आणि त्यांना कुणी 'व्हॅन लाइफ' म्हणत नाही. त्यांच्या पोरांची शाळा बुडते म्हणून साखरशाळा काढाव्या लागल्या. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला, याच जिल्ह्यात घातला गेला. त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या साखरेतला किती गोडवा या फिरत्या संसारांच्या पाठीवर आला, तेही लक्षात ठेवावे.

त्याहून जुना दाखला भटक्यांचा आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणसाचे फिरते जगणे हाच त्याच्याविरुद्धचा संशय होता. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना. त्या याद्यांत छप्परबंद या मुस्लिम जमातीचेही नाव होते. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी. संशय रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या माणसाला जातीचा दाखला हवा असेल तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जरा थांबून विचार करा. भटक्या असल्याचे सिद्ध करायचे तर आधी आजोबा कुठे राहत होते ते सिद्ध करा! आपले मदारी, गारुडी, दरवेशी, अस्वलवाले या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या चढतात आणि उतरतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांचा धंदाही गेला. भटक्यांसाठी 2011 पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. पाच गुंठे जागा आणि 269 चौरस फुटांचे घर. पण तिच्या दारातही तोच दाखला उभा. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या चाकांवर राहिली आणि त्यांची मागणी काय आहे? घर. पत्ता.

मग सुरक्षिततेचा प्रश्न. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. ते मुसलमान नव्हते. ते अनोळखी होते, एवढे पुरले. आता त्यात माझी दाढी आणि पत्नीचा बुरखा मिळवा आणि आमची व्हॅन रात्री अकराला एखाद्या अनोळखी गावाच्या कडेला उभी आहे, असे डोळ्यांसमोर आणा. भाचा म्हणतो, लोक चांगले असतात, चहा देतात. असतात आणि देतातही. मी चाळीस वर्षे या जिल्ह्यातल्या गावांत शिकवले, मला ते माहीत आहे. पण तिथे मी 'शेख गुरुजी' होतो. गाव मला ओळखत होते, कारण मी तिथे राहत होतो.

फिरून पोट भरणाऱ्या आपल्या माणसांची अवस्थाही पाहा. बांगड्या, खेळणी, रेवड्या घेऊन टेम्पोतच झोपत जत्रा-जत्रा करणारी कितीतरी कुटुंबे आहेत. पाथर्डी तालुक्यातली मढीची यात्रा म्हणजे तर भटक्यांची पंढरी. 1884 च्या गॅझेटियरमध्ये तिथल्या देवस्थानाची शाह रमजान माही सवार या नावानेही नोंद आहे. तिथल्या ग्रामसभेने 2025 च्या फेब्रुवारीत मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत बंदी करण्याचा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द केला, हे चांगले झाले. पण ज्याचे जगणे फिरण्यावर आहे, त्याला अडवायला चार हात वर होणे पुरते, हे त्यातून दिसले.

वादाच्या शेवटच्या रात्री भाच्याकडून एक गोष्ट निघाली. ती आजवर त्याने कुणाला सांगितली नव्हती. कोंढव्याहून त्याचे ऑफिस लांब, जाण्या-येण्यात तीन तास मोडायचे. म्हणून त्याने ऑफिसजवळ भाड्याने खोली शोधली. सात ठिकाणी गेला. फोनवर 'या, बघून जा' म्हणायचे आणि नाव सांगितले की फ्लॅट 'कालच गेला'. एका ठिकाणी तर घरमालक तयार होता, सोसायटीने नाही म्हटले. आठव्या ठिकाणी तो गेलाच नाही. त्याने व्हॅन घेतली.

मी बराच वेळ गप्प बसलो. हा मुलगा गेले दीड वर्ष आम्हाला ज्याला स्वातंत्र्य म्हणून सांगत होता, ती सात बंद दारे होती. त्याने त्यांचे तत्त्वज्ञान केले, कारण अपमान गिळण्यापेक्षा ते सोपे होते. मी त्याला दोष देत नाही. मलाही कदाचित तेच सुचले असते. पण तरुणांनो, माझे भांडण इथेच आहे. कुणी दार लावून घेतले म्हणून आपण रस्त्यावर झोपायचे आणि वर त्याला फकिरी म्हणायचे, हे मला मान्य नाही. फकिरी म्हणजे हातात असलेले सोडणे. जे मिळूच दिले नाही, ते सोडले असे म्हणता येत नाही. आणि तुम्ही आनंदाने पत्ता सोडलात तर ज्याने दार लावले त्याचे काम तुम्हीच सोपे केलेत.

माझे अब्बा ट्रक चालवत. नगर-इंदूर, नगर-हैदराबाद. महिन्यातले वीस दिवस केबिनमध्ये जेवण, केबिनमध्ये झोप. त्यांच्याइतका चाकांवर राहिलेला माणूस मी पाहिला नाही. पण आमच्या पत्र्याच्या खोलीच्या जागी दोन खोल्यांचे पक्के घर कधी होईल, याचाच हिशोब ते आयुष्यभर करत. त्यांच्या हयातीत ते झाले नाही. माझ्या पगारावर झाले, ते गेल्यानंतर सहा वर्षांनी. त्यांच्या जनाज्याला त्या पत्र्याच्या खोलीतून खांदा द्यायला सारी गल्ली आली होती. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने केवढा मोठा सांगितला आहे! व्हॅनला शेजारी नसतो.

म्हणून आमचे ठरले आहे ते असे. फ्लॅट राहील. पावसाळा संपला की वर्षातून दोन महिने आम्ही दोघे भाच्याच्या व्हॅनमधून फिरू, पेट्रोल माझे, गाडी त्याची. पत्नीला बिदर पाहायचे आहे, मला गोवळकोंडा. आणि भाच्याने परत एकदा खोली शोधायची आहे. या वेळी मी त्याच्यासोबत जाणार आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर बसून नकाराचे कारण लेखी मागणार आहे. देतील किंवा देणार नाहीत. पण 'फ्लॅट कालच गेला' हे वाक्य त्यांना एका पांढऱ्या दाढीच्या मास्तरच्या डोळ्यांत पाहून म्हणावे लागेल.