आधी दोर, मग माणूस

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी गावी, शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. असे पाच जण दगावले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता आणि वरच्यांनी त्याला ओढून काढले. नेवासे हा आपल्यासारखाच उसाचा मुलूख. सभासद बंधूंनी बातमी वाचली असेल, चार दिवस हळहळलेही असतील. आम्हाला मात्र ती अजून टोचते.

कारण असे की, गोबरगॅस बांधा, स्लरी उसाला द्या, हे आम्ही शेतकी खात्याचे लोक मेळाव्या-मेळाव्यांतून सांगत आलो. स्लरी केव्हा द्यावी, पाटपाण्याबरोबर कशी सोडावी, सगळे सांगितले. त्या खड्ड्यात उतरू नका, हे कधी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही. ही चूक आमची.

शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साईड आणि थोडा हायड्रोजन सल्फाईड असे वायू निघतात. कार्बन डायऑक्साईड हवेच्या दीडपट जड, तो तळाशी बसतो. हायड्रोजन सल्फाईडला कुजक्या अंड्याचा वास. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. 'वास येत नाही, उतर बिनधास्त' म्हणणारा इथेच फसतो. शिवाय स्लरी ढवळली की अडकलेला वायू एकदम सुटतो; म्हणून 'मागच्या साली उतरलो, काही झालं नाही' या बोलण्यात अर्थ नाही.

जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून बघत. विझला तर उतरायचे नाही, एवढे खरे. पण तेवत राहिला म्हणजे विषारी वायू नाही, असे नव्हे. आणि गोबरगॅसपाशी तर ज्योत नेऊच नये. हवेत मिथेन शेकडा ५ ते १५ झाला की भडका उडतो.

कारखान्यातल्या टाकीत विषारी वायूचा संभव असेल, तर २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३६ लागू होत असे. जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर श्वसनयंत्र आणि पट्टा लावूनच उतरायचे, पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्याच्या हाती. एका सभासदाचा मुलगा भिवंडीजवळ दापोड्याला गोदामात कामाला आहे. तो सांगत होता, तिथे जमिनीखालची पाण्याची टाकी धुवायलाही एकट्याला उतरू देत नाहीत. त्याचे वडील मात्र इथे स्लरीचा खड्डा एकटेच साफ करतात! सभासद म्हणजे कारखान्याचा मालक. गेटाच्या आत कामगाराला जे संरक्षण आहे, ते मालकाला त्याच्या रानात का नसावे?

आमचे स्पष्ट मत आहे की, प्रत्येक गट ऑफिसात मजबूत दोर, पट्टा आणि हवा मारायचा ब्लोअर ठेवावा. येत्या वार्षिक सभेत सभासदांनीच तसा ठराव मांडावा. आम्ही मांडला तर 'साहेबांनी नवा खर्च काढला' असे व्हायचे.

तोवर खड्डा वरूनच मडपंपाने उपसावा. उतरल्याशिवाय भागतच नसेल, तर आदल्या दिवशी चिटबॉयला सांगा, दोर घेऊन आम्ही येऊ. आणि आत कोणी पडलाच, तर सख्खा भाऊ असला तरी मागोमाग उतरू नये. हे लिहिताना हात जड होतो. वाकडीची माणसे मायेपोटीच उतरली. पण बेशुद्ध माणसाला वरून टाकलेला दोर धरता येत नाही. तो आधीच अंगाला बांधलेला हवा आणि ओढायला वर दोन धट्टेकट्टे गडी हवेत.