यादीतला शब्द निवडण्याआधी त्याचे चित्र वाचा



कोड लिहिताना दोन-तीन अक्षरे टाइप केली की खाली एक छोटी यादी उघडते. बाण खाली, एंटर, झालं काम! ही सवय आता सगळ्यांनाच लागली आहे. पण त्या यादीत प्रत्येक शब्दाच्या शेजारी एक बारीकसे चित्र असते. तिकडे तुम्ही कधी नीट बघितले आहे का? माझे स्पष्ट मत आहे की कोडिंग शिकवताना पहिल्याच आठवड्यात हे चित्र वाचायला शिकवले पाहिजे. का, ते सांगतो.

समजा, जावास्क्रिप्टमध्ये एका ॲरेतल्या गुणांची बेरीज करायची आहे. ॲरेत किती गुण आहेत ते 'लेंग्थ' सांगते. घाईत तुमच्याकडून स्पेलिंगची शेवटची दोन अक्षरे उलटी पडली, 'टी-एच'च्या जागी 'एच-टी'. पुढच्या ओळीत तोच शब्द हवा म्हणून तुम्ही पहिली तीन अक्षरे लिहिता. यादी उघडते. त्यात खरा 'लेंग्थ' असतो आणि तुमचा चुकलेला शब्दही असू शकतो! तुम्ही तोच निवडता, कारण यादीत आला म्हणजे बरोबरच असणार, नाही का?

प्रोग्राम चालतो. लाल रंगाची एकही ओळ येत नाही. बेरीज मात्र शून्य. असे का? त्या नावाचा गुणधर्म ॲरेला नाहीच, म्हणून जावास्क्रिप्ट त्याची किंमत 'अनडिफाइन्ड' धरते. कोणतीही संख्या 'अनडिफाइन्ड'पेक्षा लहान आहे का, याचे उत्तर नेहमी 'नाही' असेच येते. म्हणून लूप एकदाही फिरत नाही. मुलगा तासभर डोके धरून बसतो आणि शेवटी म्हणतो, "सर, मला कोडिंग जमणार नाही." खरे तर त्याला फक्त एक चित्र वाचता आले नव्हते.

आता ही यादी बनते कशी ते बघू. ती एका ठिकाणाहून येत नाही. काही शब्द भाषेची जाण असलेले एक्स्टेंशन देते, काही तयार तुकडे म्हणजे स्निपेट असतात, आणि काही शब्द एडिटर तुमच्याच फाइलमधून उचलतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्यासोबत 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' जाहीर केला. त्यात सुचवलेल्या शब्दांचे २५ प्रकार ठरवून दिले आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे : १ म्हणजे साधा मजकूर, २ मेथड, ३ फंक्शन, ६ व्हेरिएबल, १४ कीवर्ड, १५ स्निपेट. एक्स्टेंशनकडून क्रमांक येतो आणि एडिटर त्याचे चित्र काढतो. व्हीएस कोडमध्ये साध्या मजकुरासमोर 'एबीसी' अशी अक्षरे दिसतात. त्याचा अर्थ एवढाच की हा शब्द कुठेतरी लिहिलेला सापडला. तो बरोबर आहे, असे एडिटर म्हणतच नाही!

ही कल्पना नवी नाही. विम या जुन्या एडिटरमध्येही व्हेरिएबलसाठी 'व्ही', फंक्शनसाठी 'एफ' अशी एकेका अक्षराची खूण असते. ईमॅक्समध्ये तर यादीला फाइल, बफर असे वर्ग असतात आणि त्या वर्गावरून 'एम्बार्क' हे पॅकेज पुढे काय करता येईल ते ठरवते. फाइल असेल तर नाव बदला, बफर असेल तर बंद करा.

आपल्याला हे काही परके नाही. मराठीच्या तासाला आपण शब्दांच्या जाती शिकतोच की! 'वर बघ' यातला 'वर' क्रियाविशेषण, 'टेबलावर' मधला शब्दयोगी, आणि 'वर-वधू' मधला नाम. शब्द तोच, काम वेगळे. जात ओळखल्याशिवाय वाक्याचा अर्थ लागत नाही, मग कोडचा कसा लागेल?

काही शिक्षक म्हणतात, नवशिक्यांसाठी ही यादी बंदच ठेवावी, म्हणजे मुले पाठ करतील. त्यांची काळजी मला समजते. पण पुढे काम करताना यादी समोर असणारच आहे. बंद ठेवून तिची पारख येत नाही. मी म्हणेन, यादी चालू ठेवा, फक्त फाइलमधून उचललेले शब्द सुरुवातीला बंद करा. व्हीएस कोडमध्ये त्यासाठी 'वर्ड बेस्ड सजेशन्स' ही सेटिंग आहे, आणि जावास्क्रिप्टसाठी 'सजेस्ट नेम्स' ही वेगळी सेटिंग आहे. दोन्ही बंद करावी लागतात, हे विसरू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चित्र हाही एक्स्टेंशनचा अंदाजच असतो. एक्स्टेंशनने प्रकार कळवलाच पाहिजे, अशी सक्ती त्या प्रोटोकॉलमध्ये नाही. आणि यादीत सर्वात वर आलेला शब्द सर्वात बरोबर असतो, असेही नाही.

म्हणून आज एवढेच करा. तुमची एखादी जुनी फाइल उघडा, कंट्रोल आणि स्पेस दाबा, आणि पहिल्या दहा शब्दांसमोरची चित्रे वहीत लिहून काढा. कोणते चित्र कशाचे, ते शोधा. यादी सुचवते, निवड तुमची असते. आणि चुकलं तर निस्तरायचंही तुम्हालाच असतं!