टाका पोटात, फाईल घरात. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर मातांपुढचा धोका

नांदेड/लातूर : पाचव्या महिन्यात फारशा कळा न येता गर्भ पडला की गावात दोष सुनेलाच. पण कधीकधी गर्भपिशवीचं तोंडच सैल असतं, वाढतं वजन पेलत नाही. मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत १९५५ मध्ये त्यावर टाका घालण्याची पद्धत मांडली. आज ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या टाक्यामुळे पुन्हा दिवस राहायला सहसा अडचण येत नाही. मात्र बाळंतपणाआधी टाका काढला, तर पुढच्या खेपेला साधारण १२ ते १४ आठवड्यांत तो पुन्हा घालावा लागू शकतो. म्हणून पाळी चुकताच दवाखाना गाठायचा, जुने कागद दाखवायचे.

खरी अडचण काढण्याची. हा टाका ३६-३७ आठवड्यांत काढतात. त्याआधी कळा सुरू झाल्या आणि टाका तसाच राहिला, तर गर्भपिशवीचं तोंड फाटू शकतं. दिवाळीच्या आसपास मुखेड, कंधार, जळकोटच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. फाईल घरीच राहिली, तर परमुलखातल्या डॉक्टरला टाक्याचं कळणार कसं?

फाईल सोबत घ्या, मोबाईलवर फोटो ठेवा, निघण्याआधी आशाताईंना सांगा. कळा आल्या, रक्त किंवा पाणी गेलं, तर थांबू नका. महाराष्ट्रात असा वा कर्नाटकात, १०८ लावा.