खुराड्यातले बिनभाड्याचे बिऱ्हाड

गेल्या वर्षी ज्येष्ठात निपाणीजवळच्या एका खेड्यात मावसबहिणीकडे आमचा मुक्काम होता. तिची खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसलेली होती. सोळाव्या दिवशी ती डालग्यातून उठली ती पुन्हा बसेना. तुरा पांढुरका पडलेला, अंगात त्राण नाही. घरातल्या आजींनी दृष्ट लागल्याचे निदान करून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. रात्री जेवणे उरकल्यावर आम्ही विजेरी आणि जुन्या धोतराचा पांढरा तुकडा घेऊन खुराड्याशी गेलो. कोंबड्या बसतात त्या आडव्या बांबूच्या खालच्या अंगाने फडके फिरविले. त्यावर रक्ताच्या रेघा उमटल्या. दृष्ट सापडली!

आपल्याकडे या सगळ्या मंडळींना पिसवा, उवा, गोचीड असे तोंडाला येईल ते नाव देतात. नावाचा घोटाळा झाला की उपायाचाही होतो. ऊ ही कोंबडीच्या अंगावरच जन्मते आणि तिथेच मरते. पिसांच्या बुडाशी तिच्या अंड्यांचे पांढरे पुंजके चिकटलेले दिसतात. आम्हांला फडक्यावर सापडला तो तांबडा किडा मात्र निराळा. आकाराने एक मिलिमीटरसुद्धा नाही. दिवसा तो फटींत, बांबूच्या पोकळीत, डालग्याच्या विणीत दडतो आणि रात्री बाहेर पडून रक्त पितो. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते, आणि खुराडे रिकामे ठेवले तरी कित्येक महिने तो उपाशी तग धरतो. खुडूक कोंबडी रात्रंदिवस एकाच जागी बसलेली, म्हणजे त्याला पंगतच. कोंबडीची गोचीडही अशीच रात्री हिंडणारी. मातीच्या भिंतीच्या भेगांत ती राहते आणि एका कोंबडीचा ताप दुसरीला नेऊन पोहोचविते.

म्हणजे दिवसाढवळ्या कोंबडी उलटीसुलटी करून पाहिली आणि काही दिसले नाही, तर ती निरोगी आहे असे समजू नये. बिऱ्हाड खुराड्यात आहे. कोंबडीकडे ते फक्त जेवायला येते.

निपाणी हा तंबाखूचा मुलूख. तेव्हा डालग्यात पेंढ्याखाली तंबाखूच्या काड्या घालण्याची चाल इकडे असावी यात नवल नाही. तिला भाबडेपणा म्हणून हसण्याचे कारणही नाही. तंबाखूतले निकोटिन हे किड्यांचे खरेखुरे विष आहे. त्यापासून केलेले निकोटिन सल्फेट एकेकाळी कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतून उवांवरचे औषध म्हणून सांगितले जाई. संध्याकाळी दांडीला ते लावायचे, म्हणजे रात्री त्याच्या वाफेने उवा मरत. परंतु हे विष किड्यापाशी थांबत नाही. ते कातडीतून कोंबडीच्या आणि माणसाच्याही अंगात जाते. तंबाखूने घेरी येणे, मळमळणे म्हणजे काय, हे वखारीत राबणाऱ्या बायांना विचारावे. आपल्या देशात 1992 पासून निकोटिन सल्फेटच्या वापरास बंदी आहे. म्हणून तंबाखूचा काढा करून तो कोंबडीच्या अंगावर शिंपडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. आमच्या लहानपणी गॅमेक्सीनची पांढरी भुकटी अशीच सढळ हाताने उधळली जाई, आणि त्याच हातांनी अंडी गोळा केली जात. 1997 मध्ये तिच्यावरही बंदी आली. शेतातल्या फवारणीचे उरलेले औषध खुराड्यात मारणे हा तर शुद्ध अविचार होय.

मग करावे काय? आम्ही केले ते सांगतो. खुराडे रिकामे करून पेंढा जाळला. डालगे उकळत्या पाण्याने भिजवून कडकडीत उन्हात टाकले. बांबूची दोन्ही टोके मातीने बुजविली, भिंतीच्या भेगा लिंपल्या आणि वर दाट चुना दिला. अंडी मात्र गेली. आठवड्याने सगळे पुन्हा केले, कारण पहिल्या खेपेस अंड्यांत असलेले किडे एव्हाना बाहेर पडलेले असतात. बहीण कुरकुरली, पण दुसरी खेप चुकविली की पहिली फुकट जाते. अंगणाच्या कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख घातली. कोंबड्या त्यात मनसोक्त लोळतात आणि उवा पुष्कळ कमी होतात. एवढ्याने न भागल्यास जनावरांसाठीच असलेले औषध पशुवैद्याकडून मापाने घ्यावे.

पोटातल्या जंतांची गोष्टही फारशी वेगळी नाही. विष्ठेतून पडलेली गोल जंतांची अंडी ओल्या जमिनीत दोन-तीन आठवड्यांत बाधक होतात आणि टिपलेल्या दाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. खानापूरच्या बाजूला, जिथे पाऊस लवकर हटत नाही, तिथे हे चक्र थांबतच नाही. पाइपरॅझिन या जंतांवर चालते, पण पोटातल्या मोठ्या जंतांवरच. म्हणून तेही पुन्हा द्यावे लागते. विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. ते मुंग्या, भुंगेरे आणि माश्यांमार्फत येतात आणि त्यांना पाइपरॅझिनचा उपयोग नाही. पिलांना रक्ताची हगवण लागली तर तो जंतांचा विकारच नव्हे. ओल्या बिछायतीतून होणारा तो निराळा रोग आहे. त्यावर औषधही निराळे, आणि तिथे एका दिवसाचा उशीर महाग पडतो.

इथे सीमाभागातली एक अडचण सांगितली पाहिजे. दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीवरच्या सूचना बहुधा कन्नडमध्ये असतात, आणि घरातली वडील माणसे त्या न वाचताच अंदाजाने झाकण भरतात. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे त्याच चिठ्ठीत लिहिलेले असते आणि ती अंडी नातवंडांच्या पानात पडतात. कन्नड वाचणारी शाळकरी नात बहुतेक घरांत असते. तिच्याकडून चिठ्ठी मोठ्याने वाचून घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

नवरात्राच्या सुमारास बहिणीची दुसरी कोंबडी अकरा अंड्यांवर बसली. आजींनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्याच. आम्ही रात्री फडके फिरविले, ते कोरे निघाले. एकविसाव्या दिवशी नऊ पिले बाहेर आली.