दूध उकळून भागत नाही



‘सांसर्गिक गर्भपाताची लस कशाला? दूध उकळून प्या, झालं’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. उकळल्याने गाई-म्हशींच्या या रोगाचे, म्हणजे ब्रुसेलाचे, जंतू मरतात, शहरातलं गिऱ्हाईक वाचतं. पण गोठ्यातल्या माणसाचं काय? गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, वार अडकते आणि घरचाच कुणीतरी ती उघड्या हाताने ओढून काढतो. मेलेलं वासरू, वार, स्राव यांत जंतू खच्चून भरलेले असतात. नखाजवळची चीरही त्यांना पुरते. मग चढउतार करणारा ताप, रात्री दरदरून घाम, ठणकणारे सांधे. टायफॉइड-मलेरिया समजून औषधं घेण्यात महिने जातात. माणसासाठी यावर लस नाही! म्हणूनच २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या पारड्यांना जनावरांची लस एकदाच, फुकट टोचतात. गाभण जनावराला ती चालत नाही, त्यामुळे हे वय हुकवू नका. वार काढायला पशुवैद्यक बोलवा. पडलेली वार हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरा. उकिरड्यावर फेकली की कुत्री ती गावभर ओढतात. आणि गाभडलेल्या गाईचं रक्त तपासल्याशिवाय तिला बाजार दाखवू नका.

– एक दूधउत्पादक, ता. सांगोला