कंबरदुखीला पट्टा नव्हे, व्यायाम

कंबर धरली की आपल्याकडे आधी पट्टा येतो, मग शेक, मग ‘वजन लावणे’. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट, म्हणजे ३ महिन्यांहून अधिक टिकलेल्या आणि ज्यामागे विशिष्ट आजार सापडत नाही अशा कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पट्टा, ट्रॅक्शन (म्हणजेच वजन लावणे), अल्ट्रासाउंड, सौम्य विद्युतप्रवाह देणारे ‘टेन्स’ यंत्र हे नित्याच्या उपचारांत नकोत, असे त्या सांगतात. शिफारस आहे ती आखून दिलेल्या व्यायामाची, दुखणे रुग्णाला नीट समजावून सांगण्याची आणि काहींसाठी मसाज वा हाताने केलेल्या उपचारांची.

तरीही कितीतरी रुग्ण आठवडेच्या आठवडे यंत्राखाली पडून राहतात. तेवढाच काळ पाठीचे, पोटाचे, मांड्यांचे स्नायू बळकट करण्यात, चालणे हळूहळू वाढवण्यात आणि वाकण्याची भीती घालवण्यात गेला पाहिजे. व्यायामाचा प्रकार कोणता यापेक्षा तो सुटत नाही ना, हे महत्त्वाचे. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद गेली, तर व्यायाम नव्हे, तातडीने रुग्णालय गाठावे.

दिवसभर ओणवे राहून भातलावणी करणाऱ्या, डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बायकांना हे शिकवणार कोण? शहरातल्या फिजिओथेरपिस्टकडे फेऱ्या मारायला त्यांच्याकडे मजुरी बुडवण्याची सोय नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून निदान एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसलाच पाहिजे; सरकारने त्यासाठी पदे मंजूर करावीत.