वादळाने पडलेले घर आणि प्राप्तिकर

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरनजीक किनाऱ्यावर आदळले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील हजारो घरांची कौले, पत्रे व वासे उडवून गेले. पंचनामे झाले, मंत्र्यांचे दौरे झाले, मदतीचे आकडेही वाढले. केंद्राच्या तत्कालीन प्रमाणाप्रमाणे पूर्ण पडलेल्या पक्क्या घरास ९५,१०० रुपये मिळावयाचे, ते राज्य सरकारने दीड लाखांवर नेले. ही मदत करमुक्त असते, हेही योग्यच आहे. परंतु ज्या गृहस्थाचा विमा नव्हता, त्याने पदरचे चार लाख घालून छप्पर उभे केले, आणि त्याच वर्षी प्राप्तिकर मात्र जणू काही घडलेच नाही अशा हिशेबाने पुरता भरला. या दुसऱ्या गोष्टीचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस हे स्वतःच्या वहीवरून कळेल. एकाच इमारतीत पुढे दुकान व मागे राहते घर असे आपल्याकडे पुष्कळ असते. वादळात दुकानातील माल भिजला तर तो धंद्याचा तोटा ठरतो; दुकानाची चालू डागडुजीही खर्ची पडते. मधली भिंत ओलांडून मागे गेलो की कायद्याची दृष्टी बदलते. राहत्या घराचे वार्षिक मूल्य शून्य धरले जाते, तेव्हा त्यातून वजा करावयास काही उरतच नाही. भाड्याच्या घरास सरसकट तीस टक्के वजावट मिळते. छप्पर शाबूत असो वा समुद्रात गेलेले असो, तीस ते तीसच. दुरुस्तीसाठी कर्ज काढल्यास व्याजापोटी वर्षाला फार तर ३०,००० रुपये, तेही जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत राहत्या घरास तेवढेही नाही.

कायद्यास वादळ ठाऊकच नाही असे मात्र कोणी समजू नये. मालमत्ता नष्ट होणे म्हणजे तिचे हस्तांतर नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वानिया सिल्क मिल्सच्या खटल्यात दिला व विम्याची रक्कम भांडवली नफ्याच्या करातून सुटली. त्यावर १९९९ च्या वित्त कायद्याने पूर, चक्रीवादळ, भूकंप यांची नावे घेऊन कलम घातले, की अशा आपत्तीत मिळालेल्या विम्याच्या रकमेत नफा दिसल्यास कर द्यावा. म्हणजे वादळाने नफा झाला तर ते सरकारास दिसते. निव्वळ नुकसान झाले तर दिसत नाही. हा न्याय एकाक्ष आहे.

अमेरिकेत विमा नसलेल्या अशा नुकसानीची वजावट फार वर्षांपासून आहे. मात्र २०१८ ते २०२५ या वर्षांत ती राष्ट्रीय सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीपुरती होती. सर्वसाधारण नियमाप्रमाणे नुकसानीतून प्रथम शंभर डॉलर व मग उत्पन्नाचा दशांश वगळतात. विमा असून मागणीच केली नाही तर त्या भागाची वजावट नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ वादळाच्या पुराने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरी भागात घरे वाहून गेली, तेव्हा घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेलाच नसतो हे अनेकांस पुरानंतर उमगले. अशा मोठ्या आपत्तींसाठी तेथील काँग्रेसने त्याच डिसेंबरात अटी सैल केल्या.

तो कायदा जसाच्या तसा उचलावा असे आम्ही म्हणत नाही. उत्पन्नातून वजावट दिली की चार लाखांच्या नुकसानीवर तीस टक्के कर भरणाऱ्याचे एक लाख वीस हजार वाचतात, वीस टक्केवाल्याचे ऐंशी हजार. पडझड दोघांची सारखीच. म्हणून नुकसानीचा ठरीव हिस्सा थेट करातूनच कमी करावा, त्यास कमाल मर्यादा असावी, आणि यंदाचा कर पुरला नाही तर बाकी पुढील वर्षांत ओढता यावी. ज्यास करच लागत नाही त्याचा प्रश्न याने सुटत नाही. त्याच्यासाठी सरकारी मदतच वाढविली पाहिजे.

कोणी म्हणेल, अशाने लोक विमा उतरविणार नाहीत. आक्षेप पोकळ नाही. ‘भारत गृह रक्षा’ हा वादळ-पूर धरणारा प्रमाणित विमा १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे, आणि तो घ्यावा असेच आम्ही वाचकांस सांगू. परंतु सवलत नुकसानीच्या एका हिश्श्यापुरतीच असल्यावर, तेवढ्यासाठी विमा टाळणारा शहाणा मनुष्य आम्हांस तरी ठाऊक नाही.

खोट्या मागण्यांची भीती घालतील, तर पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे. तलाठ्याचा पंचनामा व तहसीलदाराची सही यांवर मदत वाटली जाते. तोच कागद प्राप्तिकर खात्याने ग्राह्य मानावा. त्यासाठी घरधन्यास तलाठ्याच्या दारी दुसऱ्यांदा जावे लागू नये.